मालवण–मुंबई : अंतर, वेळ आणि त्यांचे शब्द

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, तेव्हा मुंबई व मालवण यांमधील अंतराच्या जुन्या आकड्यांत एका नव्या आकड्याची भर पडली. हा आकडा सुमारे ३५० किलोमीटरांचा आहे. लोहमार्गाने मुंबईहून कुडाळ सुमारे ४८० किलोमीटर भरते आणि तेथून मालवणपर्यंतची सडक वेगळी. महामार्गाने कसालपर्यंत येऊन मालवणकडे वळणारा प्रवासी पाचशे किलोमीटरांहून अधिक चाल करतो. गावे तीच, समुद्रही तोच. अंतरे मात्र तीन. यांपैकी खरे अंतर कोणते, असा प्रश्न विचारला असता भूगोलाचा अभ्यासक पहिल्या आकड्याकडे बोट दाखवील. मालवणचा रहिवासी मात्र बहुधा तिन्ही आकडे बाजूस सारून ‘रात्र लागता’ एवढेच उत्तर देईल. हे उत्तर अडाणीपणाचे नाही. त्यामागे मापनाची एक जुनी व सुसंगत पद्धती आहे. विमानाच्या काळातही ती टिकून का आहे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम हवाई अंतराचा हिशेब समजून घेणे इष्ट होय. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड वाट ही एका बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचा मध्यबिंदू हाच ज्याचा मध्यबिंदू आहे अशा वर्तुळाचा, कंस असते. अक्षांशाच्या एका कलेइतके, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतके, अंतर म्हणजे एक सागरी मैल. १९२९ मध्ये मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याचे मान १,८५२ मीटर असे ठरविले. दर्यावर्दींचे हे माप वैमानिकांनी जसेच्या तसे उचलले, आणि वेगासाठीही ते ‘नॉट’ हाच शब्द वापरतात. जहाजामागे सोडलेल्या दोरीच्या गाठी मोजून वेग काढण्याच्या पद्धतीची ही आठवण आकाशात अद्याप शिल्लक आहे.

मुंबईचा विमानतळ सुमारे १९ अंश ५ कला उत्तर अक्षांशावर व ७२ अंश ५२ कला पूर्व रेखांशावर आहे. चिपीचा सुमारे १६ अंश उत्तर व ७३ अंश ३२ कला पूर्व येथे. अक्षांशांतील फरक १८५ कलांचा, म्हणून दक्षिणोत्तर अंतर १८५ सागरी मैल. रेखांशांतील फरक ४० कलांचा. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जात असल्यामुळे या अक्षांशांवर त्या ४० कलांचे अंतर ३८ सागरी मैलांइतकेच उरते. या दोन भुजांवरील काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला असता १८९ सागरी मैल, म्हणजेच ३५० किलोमीटर, हे उत्तर येते. इतक्या थोड्या अंतरासाठी गोलीय त्रिकोणमितीचा आश्रय घेण्याचे कारण पडत नाही. मुंबई–न्यूयॉर्क यांसारख्या जोडीच्या बाबतीत मात्र हा सोपा मार्ग फसतो. शालेय नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा उत्तर आफ्रिकेकडे जाते. बृहद्वृत्त मात्र रशियाच्या भूमीवरून व उत्तर अटलांटिकच्या वरच्या अंगाने जाते, आणि नकाशावर वाकडे दिसणारे तेच प्रत्यक्षात सरळ असते. मुंबई व मालवण जवळजवळ एकमेकांच्या दक्षिणोत्तर असल्यामुळे हा भ्रम येथे होत नाही. कोकणपट्टीचा प्रवासी या बाबतीत भाग्यवान म्हणावयाचा. त्याचा नकाशा त्याला फसवीत नाही. फसवितो तो रस्ता.

आता वेळेचा विचार. चिपी–मुंबई मार्गावर आरंभी जे एटीआर ७२ जातीचे पंख्याचे विमान धावले, त्याचा उड्डाणातील वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास असतो. त्या वेगाने ३५० किलोमीटरांस बेचाळीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र या प्रवासासाठी जवळजवळ दीड तास राखून ठेवलेला होता. ही तफावत आळसाची नव्हे. विमान क्षणात पूर्ण वेग घेत नाही व क्षणात तो सोडत नाही; चढण्यास व उतरण्यास त्याला वेळ लागतो. ते बृहद्वृत्ताने न जाता ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्यांचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर होऊ शकत नाही, आणि उतरू पाहणाऱ्या विमानांस आकाशात रांग धरावी लागते. शिवाय जमिनीवर धावपट्टीपर्यंत सरपटत जाण्याचा काळही हिशेबात धरलेला असतो. विमान कंपन्या ज्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात, तो काळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. अत्यंत आधुनिक अशा या व्यवसायाने आपल्या मुख्य कालमापनाला एका लाकडी ठोकळ्याचे नाव द्यावे, ही गोष्ट शब्दाच्या अभ्यासकाला विशेष वाटण्याजोगी आहे. कारण मराठीतील जुनी अंतरवाचक नावेही नेमकी याच रीतीने तयार झालेली आहेत.

‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ पासून आला. ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे. तेव्हा क्रोश म्हणजे मुळात हाक ऐकू जाण्याचा टापू. पुढे त्याचे मान दोन मैलांच्या आसपास स्थिरावले आणि हाक मागे राहिली. तथापि ‘हाकेच्या अंतरावर’ या प्रयोगात मराठीने तीच कल्पना पुन्हा नव्याने निर्माण केली. ‘योजन’ हा शब्द ‘युज्’ या धातूपासून : बैल एकदा जुंपले म्हणजे ते सोडीपर्यंत जेवढी वाट चालून होते, ते योजन. ‘मजल’ अरबीतून आलेली. ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याचे ठिकाण, आणि त्यावरून एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची चाल. ‘मैल’ या परक्या शब्दाच्या मुळाशीही रोमन सैनिकाची हजार दुहेरी पावले आहेत. हाक, जू, मुक्काम, पाऊल. यांपैकी एकही माप प्रवास करणाऱ्यापासून वेगळे नाही. एखाद्या घाटातील योजन व मैदानातील योजन सारखे भरत नसे, याबद्दल जुन्या मापनपद्धतीस दोष देण्याची प्रथा आहे. परंतु बैलाच्या दृष्टीने ती दोन्ही योजने समानच होती. किलोमीटर ही बैलापासून व माणसापासून अंतर तोडून घेणारी पहिली संज्ञा होय. तिच्यात कोण चालतो आहे हे सांगण्याची सोयच नाही.

मालवणी बोलीतील ‘रात्र लागता’ हे उत्तर याच परंपरेतले आहे. या बोलीला जवळच्या कुडाळी बोलीचे डॉ. अ. मा. घाटगे यांनी केलेले वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तेथील विभक्तिप्रत्ययांची व क्रियारूपांची माहिती अभ्यासकांना त्यात मिळते. प्रस्तुत विषयापुरता एकच प्रयोग पाहू. ‘मुंबयक जाऊक किती लागता?’ या वाक्यात ‘किती’ कशाचे हे सांगितलेले नाही. उत्तर तासांत येऊ शकते, रुपयांतही येऊ शकते. किलोमीटरांत मात्र कधीच येत नाही. प्रमाण मराठीतील ‘जायला किती लागतात?’ या प्रश्नाचेही तसेच. ‘लागणे’ या क्रियापदाने वेळ व पैसा ही दोन्ही एकाच कोष्टकात बसविली आहेत आणि मैलांना त्यात जागा ठेवलेली नाही. किनाऱ्यावर या क्रियापदाचा संसार आणखी मोठा आहे. बोट बंदरास लागते आणि प्रवाशालाही बोट लागते. पहिल्या लागण्याने प्रवास संपतो, तर दुसऱ्याने तो संपता संपत नाही.

‘वेळ’ या शब्दाची कथा तर याहून उद्बोधक आहे. संस्कृत ‘वेला’ म्हणजे मर्यादा, समुद्राचा काठ, भरतीची सीमा आणि काळ. मराठीने त्यांतील काळाचा अर्थ प्रामुख्याने ठेवला. गोव्याच्या कोंकणीत समुद्रकाठाचा अर्थही नांदतो. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या किनाऱ्यास ‘वेळागर’ म्हणतात, त्या नावात काठ हा अर्थ असलेली ‘वेळ’ व ‘आगर’ हे दोन शब्द एकत्र आलेले दिसतात. दिवसातून दोनदा जिथवर पाणी चढते व जिथून उतरते, त्या रेषेवरूनच दिवसाचे भाग पाडणाऱ्या लोकांना स्थळ व काळ यांसाठी एकच शब्द पुरला, यात नवल नाही. ‘अंतर’ या शब्दालाही अशी दुहेरी वाट आहे. तो स्थळातला अवकाश दाखवितो, तसाच ‘कालांतराने’ म्हणताना काळातलाही. त्यापासून बनलेले ‘अंतरणे’ हे क्रियापद मात्र मोजमापाच्या पलीकडचे आहे. मुलगा आईला अंतरला असे म्हणताना कोणी किती कोसांनी असे विचारत नाही.

हे क्रियापद येथे केवळ व्युत्पत्तीच्या हौसेसाठी आणलेले नाही. मालवण किनाऱ्यावरील कित्येक घरांची मिळवती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व कचेऱ्यांत राहिली. ‘चाकरमानी’ हा शब्दच त्या घरांनी रूढ केला. अशा घरात म्हातारे माणूस गेले, की पहिला प्रश्न मुंबईचा मुलगा मातीला पोचेल काय हा असे. देह किती वेळ ठेवावा याला उन्हाळ्यापावसाळ्याची व रूढीची मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत येणारी मुंबई जवळची; बाहेर राहणारी लांबची. अंतराची ही व्याख्या कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात नाही, परंतु अनेक कुटुंबांच्या बाबतीत निर्णय घडला तो हिनेच.

या व्याख्येने पाहता मालवण–मुंबई अंतर स्थिर कधीच नव्हते. आगबोटींच्या काळी मुंबईहून सकाळी सुटलेली बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत मालवणास येई व पुढे वेंगुर्ल्याकडे जाई. साधारणतः दुसऱ्या दिवशी सकाळी ती पणजीस पोचे. मालवणच्या बंदरात खडक फार. म्हणून बोट बाहेर नांगर टाकी आणि माणसे, पेट्या व पोती पडावांतून काठाला येत. हे सारे हवामान शांत असताना. पावसाळ्याच्या आरंभी बोटी बंद होत त्या पावसाचा जोर ओसरल्यावरच पुन्हा सुरू होत. मधल्या महिन्यांत मुंबईला जाणाऱ्याने उत्तरेकडे तोंड करण्याऐवजी पूर्वेकडे करावे लागे. फोंडा घाटाने वर चढून कोल्हापूर गाठावयाचे आणि तेथून मिरज, पुणे असा लोहमार्गाचा वळसा घ्यावयाचा. कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली ती १८९१ मध्ये. मे महिन्यात एका दिवसाच्या अंतरावर असलेली मुंबई जुलैमध्ये अशी दूर सरके. सरळ रेषेतील ३५० किलोमीटरांत या काळात एका मीटरचाही फरक पडत नव्हता, हे सांगावयास नकोच.

ऋतूने अंतर वाढण्याचा हा प्रकार आगबोटींबरोबर संपला असेही नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग खुला झाला, आणि मालवणच्या माणसाला कुडाळ किंवा कणकवली गाठून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत उतरता येऊ लागले. परंतु दरडी व पाणी यांच्या भयाने या मार्गावर पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक लावण्यात येते व गाड्या संथ धावतात. याच मार्गाने अंतराच्या इतिहासात आणखी एक चमत्कारिक प्रकरण जोडले आहे. बांधणीचा प्रचंड खर्च भरून काढण्यासाठी प्रवासी भाड्याचा हिशेब करताना या मार्गावरील अंतर चाळीस टक्क्यांनी वाढवून धरण्याची पद्धत स्वीकारली गेली. शंभर किलोमीटरांचे तिकीट एकशेचाळीस किलोमीटरांचे. डोंगर फोडून बोगदे पाडले ते अंतर कमी व्हावे म्हणून, आणि बोगद्यांची किंमत वसूल केली ती अंतर वाढवून! भाषेच्या दृष्टीने पाहिले असता किलोमीटर येथे पुन्हा योजनाच्या वळणावर गेला. अवघड वाटेचा किलोमीटर सोप्या वाटेच्या किलोमीटराहून मोठा ठरला.

आकाशालाही पावसाळा असतो. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलै २०१९ पर्यंत पूर्ववत झाले नाही. त्या काळात दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला, प्रवास लांबला व इंधन अधिक जळले. फोंडा घाटाने कोल्हापुरास जाणाऱ्या मालवणच्या माणसाची व या विमानांची अडचण जातीने एकच होती. याशिवाय दूरच्या शहरांच्या बाबतीत वाऱ्याची दिशाही महत्त्वाची ठरते. मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. परंतु उंचावरील पश्चिमेचे वारे जाताना समोरून व येताना पाठीमागून लागत असल्यामुळे जाण्यास येण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. जाण्याचे व येण्याचे अंतर निरनिराळे असू शकते ही गोष्ट किलोमीटरात मांडता येत नाही. शिडाच्या गलबतावरील तांडेलास ती समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

घड्याळाच्या वेळेविषयी येथे एवढेच सांगणे पुरे, की पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करून प्रवासाचा काळ काढणे दोन्ही ठिकाणी एकच प्रमाणवेळ असेल तरच शक्य असते. मुंबई–लंडन या जोडीस साडेपाच किंवा, तेथील उन्हाळ्यात, साडेचार तासांची दुरुस्ती करावी लागते. मालवण–मुंबईला तशी दुरुस्ती लागत नाही. सूर्याच्या हिशेबाने दोहोंत अडीच मिनिटांचाच फरक आहे. तथापि १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबई शहराने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ कित्येक दशके सोडली नव्हती. त्या काळी आगबोटीने उतरलेल्या चाकरमान्यास आपण किती वेळात आलो हे सांगण्यापूर्वी कोणत्या घड्याळाने, असे विचारावे लागले असते.

आता चिपीकडे परत यावे. विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात, परुळे–चिपीच्या सड्यावर आहे. तेथून मालवण सरळ रेषेत सुमारे दहा किलोमीटर. पण मध्ये कर्लीची खाडी असल्यामुळे मोटारीचा रस्ता त्याहून बराच लांबतो. मुंबईच्या बाजूस घरापासून विमानतळापर्यंत एक तास, तपासणीसाठी दीड तास, विमानाचा दीड तास, आणि उतरून मालवणच्या दारापर्यंत एक तास धरला, तर पाच तास होतात. ३५० किलोमीटरांस पाच तास म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरांचा वेग. आकाशातला पाचशेचा वेग जमिनीवरच्या वाट पाहण्यात असा विरून जातो. तरीही रेल्वेच्या आठनऊ तासांच्या मानाने पाच तास कमीच, हे मान्य करावयास हवे. ज्याचा प्रवास आधी ठरलेला आहे त्याच्यासाठी विमानाने मालवण निःसंशय जवळ आणले.

परंतु मातीला जाणाऱ्याचा प्रवास आधी ठरलेला नसतो. त्याच्या हिशेबात वेगाइतकीच, किंबहुना वेगाहून अधिक, किंमत फेऱ्यांच्या संख्येला आहे. बातमी दिवसाच्या कोणत्याही क्षणी येऊ शकते असे धरले आणि दिवसातून एकच फेरी असली, तर निघण्यापूर्वी सरासरी बारा तास थांबावे लागते; समान अंतराने चार फेऱ्या असल्या तर तीन तास. हा प्रतीक्षाकाळ प्रवासाच्या काळात मिळविल्याशिवाय अंतराची तुलना अपुरी राहते. या कसोटीला लावले असता दिवसाला एक फेरी करणारे विमान रेल्वेपेक्षा जुन्या आगबोटीला अधिक जवळचे ठरते. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तुतारी अशा गाड्या दिवसाच्या निरनिराळ्या वेळी मुंबईहून सुटून कुडाळास थांबतात. एक चुकली तर दुसरी असते. गोव्यातील मोपा येथील विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाल्यावर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील प्रवासी तिकडे वळू लागला, तोही याच न्यायाने. मोपा चिपीहून मालवणला अधिक दूर आहे. पण तेथे विमाने अधिक. पुढच्या विमानासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्यापेक्षा मोटारीतला जास्तीचा तास परवडतो.

उदाहरण घेऊन पाहावे. पूर्वी बातमी तारेने येई. तारेची सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली आहे, आणि आता मालवणच्या घरात घडलेली गोष्ट परळच्या खोलीत त्याच मिनिटाला कळते. समजा ती दुपारी दोन वाजता कळली. चिपीच्या आरंभीच्या वेळापत्रकाप्रमाणे मुंबईचे विमान साडेअकराच्या सुमारास सुटून गेलेले असे. पुढचे विमान दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. ते एकच्या सुमारास चिपीस उतरणार आणि मुलगा दोन वाजता मालवणात, म्हणजे बातमी कळल्यापासून बरोबर चोवीस तासांनी. तोच मुलगा रात्रीच्या कोकणकन्येत उभ्याने का होईना शिरला, तर सकाळी आठच्या सुमारास कुडाळास उतरतो व नऊपर्यंत घरी येतो. पाचशेच्या वेगाने ३५० किलोमीटर जाणारे विमान ४८० किलोमीटरांच्या लोहमार्गापेक्षा त्या दिवशी पाच तास लांब असते. मालवणच्या ओटीवर जमलेल्या माणसांना ही वजाबाकी करावी लागत नाही. फोनवर मुलाचा आवाज आला की कसा येतोस, विमानाने की गाडीने, हे कोणी आधी विचारीत नाही. ‘कधी पोचतलंस?’ एवढेच विचारतात, आणि त्याने सांगितलेल्या वेळेवरून देह ठेवावयाचा की उचलावयाचा ते ठरते.